कल्हईतलं शिसं

पद्मिनी मगदूमला माणसांचा तिटकारा आहे, असं शिरटेकडीत सगळेच म्हणत. ते खरं नव्हतं. तिटकारा यायला समोरचा माणूस निदान दखल घेण्याजोगा वाटावा लागतो. पद्मिनीला गावातली माणसं नुसती मूर्ख वाटत, आणि त्यांचा मूर्खपणा मोजायचं यंत्रच सरकारने तिच्या टेबलावर आणून ठेवल्यामुळे तिला रोज पुरावाही मिळे. त्रेपन्न वर्षांची, लग्न न केलेली, तालुक्याच्या प्रयोगशाळेतली एकुलती एक तंत्रज्ञ. चष्म्याच्या वरून बघायची सवय. ती तसं बघायला लागली की भलेभले खिशात पावती चाचपायला लागत.

यंत्राचं सरकारी नाव दीड ओळीचं होतं. गाव त्याला शिसेवाचक म्हणे. त्याची गोष्ट तशी सोपी आहे. शिसं हा धातू चार जातींच्या अणूंचा बनलेला असतो. चारही शिसंच, फरक फक्त अणूच्या वजनात. कुठल्या खाणीतलं शिसं आहे त्यावर या चारांचं आपसातलं प्रमाण ठरतं, हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होतं. २०३५च्या कायद्याने त्याचाच फायदा घेतला. कारखान्यात बॅटरी तयार होताना तिच्या शिशात वेगळ्या वजनाच्या शिशाचा एक थेंब मिसळायचा, आणि तो दर बॅटरीला निराळ्या मापाने. झालं, प्रत्येक बॅटरीचं प्रमाण वेगळं, पाचव्या दशांशापर्यंत वेगळं. मग ती बॅटरी फोडा, वितळवा, आम्लात विरघळवा, गवतातून गाईच्या पोटात आणि तिथून दुधात जाऊ द्या, नाहीतर पोराच्या हाडात मुरू द्या. शिशाचा अणू शिशाचाच राहतो आणि प्रमाण काही बदलत नाही. थेंबभर रक्त यंत्रात घातलं की बॅटरी कुणाच्या नावावर विकली गेली होती ते पडद्यावर येतं.

आता कुणी विचारेल, २०४१ साली शिशाच्या बॅटऱ्या होत्या तरी कशाला? तर उन्हाळा फेब्रुवारीत सुरू होऊन वीज दिवसाला पाच-पाच तास जायला लागल्यावर माणसाला इन्व्हर्टर लागतो, आणि स्वस्तातला इन्व्हर्टर शिशावरच चालतो. कारखान्यात नीट गाळलं तर हे शिसं शंभर वेळा नव्या बॅटरीत वापरता येतं. जुनी बॅटरी उभीच ठेवायची, झाकणं घट्ट लावायची, दोन्ही टोकांना चिकटपट्टी मारायची, खाली प्लास्टिकचा ट्रे ठेवायचा, आम्ल सांडलंच तर त्यावर खायचा सोडा टाकायचा, आणि जिथून नवी घेतली त्या दुकानदाराला जुनी परत करायची. त्याने पावती दिली की तुमची नोंद बंद. चौथीतल्या पोराला समजेल इतकं सोपं.

आणि हेच शिकल्यासवरल्या लोकांना जमत नव्हतं! अमृतवेल सोसायटीत राहणारी मंडळी तांब्याच्या लोट्यातलं पाणी पीत, तेल घाण्याचंच आणत, पोरांना बिस्किटाचा वाससुद्धा लागू देत नसत, आणि जुनी बॅटरी मात्र स्कूटरवरच्या भंगारवाल्याला देत, कारण दुकानदारापेक्षा तो चारशे रुपये जास्त द्यायचा. तो ती ओढ्याकाठी न्यायचा, आम्ल ओढ्यात ओतायचा आणि शिसं उघड्या कढईत वितळवायचा. एका वेळी एक बॅटरी. धूर कुठे जातो, राख कुठे जाते, हे कुणी विचारायचं नाही. पद्मिनी शाळाशाळांतून याच विषयावर भाषणं द्यायची. भाषणात ती श्रोत्यांना मंद म्हणायची नाही, पण तसं ऐकू यायचं.

ऑक्टोबरात शाळांमध्ये मुलांचं रक्त तपासलं. अमृतवेल आणि तिच्या आजूबाजूची मिळून अठरा पोरं शिशाची निघाली. पाचाच्या वर आकडा गेला की काळजी करायची असते. या पोरांचे आकडे वीस, अठ्ठावीस, पस्तीस असे होते. सगळ्यात वरचा आकडा सत्तेचाळीस होता आणि त्याच्यापुढे नाव होतं चंदना श्रेणिक मगदूम.

चंदना म्हणजे पद्मिनीची भाची, धाकट्या भावाची मुलगी. पाच वर्षांची. श्रेणिक पुण्याला नोकरीला, शनिवारी रात्री यायचा नि रविवारी जायचा. त्याची बायको वृषाली आणि चंदना पद्मिनीजवळ राहत. साऱ्या जगात पद्मिनीला जे एक माणूस मूर्ख वाटत नव्हतं ते हे पाच वर्षांचं. संध्याकाळी ती चंदनाला घेऊन बसायची, अक्षरं गिरवून घ्यायची. हल्ली पोरगी आलेली अक्षरंही विसरत होती. पद्मिनीने त्याचं खापर वृषालीवर फोडलं होतं, लक्ष देत नाहीस म्हणून.

डॉक्टर उपाध्येबाईंच्या दवाखान्यात वृषाली पदराचं टोक पिळत बसली होती.

"पोट दुखतंय असं कधी म्हणाली होती का?" उपाध्येबाईंनी विचारलं. "जेवायला नको म्हणणं, चिडचिड, शी कडक होणं? किती दिवसांपासून?"

वृषालीने आधी पद्मिनीकडे पाहिलं. "नाही. तसं काही नाही."

"तिला काय विचारता?" पद्मिनी म्हणाली. "हिला आमटीत मीठ पडलंय की नाही ते आठवत नाही. तुम्ही औषध सांगा."

उपाध्येबाईंनी औषध सांगितलं. रक्तातलं शिसं पकडून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध होतं ते, एकोणीस दिवस घ्यायचं. "पण मॅडम, तुम्हांला मी काय सांगू?" त्या म्हणाल्या. "रक्तातलं निघेल. मेंदूचं जे नुकसान झालं असेल ते भरून निघत नाही. म्हणून तर किती दिवस चाललंय ते विचारत होते. आणि आधी शिसं कुठून येतंय ते बंद करा, नाहीतर औषध घेऊन उलट जास्त शोषलं जाईल."

शिसं कुठून येतंय हे शोधायला पद्मिनीला एक दुपार पुरली. तिने घरातली माती, पाणी, हळद, भिंतीचा रंग, खेळणी, सगळं पुसून पुसून यंत्रात घातलं. नाव शोधायला वेळ लागतो, म्हणून नुसतं शिसं आहे का एवढंच बघत गेली. काही नाही. मग आईच्या वेळच्या पितळी पातेल्याच्या आतून कापूस फिरवला आणि यंत्राने आकडा दाखवला. आमटी, ताक, चिंचेचं सार, जे जे आंबट ते त्या पातेल्यात. आंबटाने शिसं सुटतं. अठराच्या अठरा घरांत पितळी भांडी होती, कारण स्टीलमध्ये शिजवलेलं अन्न मेलेलं असतं असं कुणीतरी मोबाईलवर सांगितलं होतं आणि यांनी ते मानलं होतं. त्या सगळ्या भांड्यांना मे महिन्यात एकाच माणसाने कल्हई केली होती, दत्तू तांबटाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तू प्रयोगशाळेत हजर झाला, आणि त्याच्या मागोमाग अमृतवेलचे चेअरमन सुकुमार बोरगावे पाच-सहा जणांना घेऊन आले. बोरगाव्यांच्या नातवाचा आकडा एकतीस होता, तेव्हा त्यांना राग यायला कारण होतं. पण राग माणसाला शहाणा करत नाही हे पद्मिनीला त्यांच्याकडे बघून पुन्हा एकदा पटलं.

"हाच तो," बोरगावे म्हणाले. "विष घातलं यानं पोरांना. पोलिसांत द्या."

"पोलीस स्टेशन चौकात आहे. ही प्रयोगशाळा आहे," पद्मिनी म्हणाली. "बसा नाहीतर जा. मध्ये उभे राहू नका, उजेड अडतो."

दत्तू सत्तरीच्या पुढचा. खांद्यावर मळकं उपरणं. त्याने पिशवीतून धातूच्या चार कांड्या काढून टेबलावर ठेवल्या. कल्हई म्हणजे भांडं तापवून, नवसागर मारून, त्यावर कथलाचा पातळ हात फिरवणं. कथील महाग, शिसं स्वस्त, आणि दोन्ही पांढुरकी. एकात दुसरं बेमालूम मिसळता येतं, आणि भंगारवाल्यांचं शिसं असंच कथलाच्या भावाने खपतं.

"बाजारातनं कथील म्हणून घेतलंया, मॅडम. म्या कशाला शिसं घालू? पन्नास वर्सं हेच करतुय."

"पन्नास वर्षं करतोस आणि कथील कळत नाही?"

"कळतंय की. कथलाची कांडी कानापाशी धरून वाकवायची. खरं असंल तर रडती ती. कुर्र कुर्र आवाज येतो. शिसं घातलं की मुकी हुती."

हे खरं आहे. शुद्ध कथील वाकवताना त्याचे स्फटिक एकमेकांवर घासतात आणि बारीक कुरकुर ऐकू येते. पद्मिनीने एक कांडी उचलून कानाशी धरली नि वाकवली. कसलाही आवाज नाही. दुसरी वाकवली. तिचाही आवाज नाही.

"मग या नाही रडल्या तुझ्यापाशी?"

दत्तू तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"काय विचारतेय मी? रडल्या का नाही?" ती ओरडली.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की म्हातारा तिच्या ओठांकडे बघतोय. डोळ्यांकडे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

"चार सालं झाली," दत्तू खाली बघून म्हणाला. "आधी डावा गेला, मग उजवा. कांडी वाकीवतो, हाताला लागतंय तेवढं बघतो. बहिऱ्याला कोण काम देणार वं? म्हून बोललो न्हाई."

"म्हणून अठरा पोरांना शिसं चाटवलंस! अरे, लाज नाही वाटत? एवढं तोंड उघडून सांगायला काय झालं होतं?"

बोरगाव्यांच्या मंडळींनी माना डोलावल्या. दत्तूला यातलं किती कळलं कोण जाणे. त्याने कांड्यांकडे हात नेला, मग नको म्हणून मागे घेतला आणि पिशवीची घडी करत बसला.

"दत्तू गाढव आहे," पद्मिनीने बोरगाव्यांना सांगितलं, "पण गाढवाला फाशी देत नाहीत. शिसं कुणाच्या बॅटरीतून आलं ते बघू. तुमच्यापैकीच कुणीतरी चारशे रुपये जास्त घेतलेले असणार. शुक्रवारी कचेरीच्या सभागृहात वाचन करीन. सगळे या. नटूनथटून या."

कायदाच तसा होता. वाचन चारचौघांत मोठ्याने करायचं, खाली वाचकाने सही करायची, आणि ज्याचं नाव निघेल त्याची पाटी कचेरीबाहेर वर्षभर लावायची. त्याच्यावर खटला होई, आणि तो सरकारी नोकरीत असेल तर नोकरीही जाई. अशा सात पाट्या पद्मिनीने आजवर लावल्या होत्या. एकीवर तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचं नाव होतं. ती मैत्रीण गाव सोडून गेली, तरी पद्मिनीला त्याचं काही वाटलं नव्हतं.

बोरगावे गेल्यावर तिने कांडीचा कणभर तुकडा यंत्रात घातला आणि चहा प्यायला. यंत्राला वीस मिनिटं लागतात. पडद्यावर प्रमाण आलं, मग बॅटरीचा क्रमांक आला आणि मग खरेदीदाराचं नाव. पद्मिनी भरमू मगदूम.

"मेल्या यंत्रा," ती म्हणाली, आणि नमुना पुन्हा घातला.

दुसऱ्या कांडीचा घातला. चंदनाचं रक्त घातलं. बोरगाव्यांच्या नातवाचं घातलं. दर वेळी यंत्र वीस मिनिटं घेई आणि दर वेळी तेच नाव दाखवी. शेवटी तिने नोंद उघडली. तिच्या बॅटरीपुढे लिहिलं होतं: परत मिळाली, नोंद बंद. बंद कुणी केली, तर पद्मिनी मगदूमने. मार्च महिन्यात. पावती क्रमांकाचा रकाना रिकामा.

तिला आठवलं. गॅलरीतली जुनी बॅटरी एक दिवस दिसेनाशी झाली तेव्हा तिने मानलं होतं की दुकानदाराचा माणूस आला एकदाचा नाक घासत आणि घेऊन गेला. पावती पाठवायची अक्कल दुकानदाराला नाही, म्हणून तिनेच स्वतःच्या अधिकारात नोंद बंद करून टाकली. साऱ्या तालुक्याकडे पावती मागणारी बाई स्वतःच्या पावतीसाठी एक फोन करू शकली नव्हती.

भर दुपारी ती घरी आली. वृषाली पोळ्या लाटत होती. चंदना औषध घेऊन आतल्या खोलीत झोपली होती.

"गॅलरीतली जुनी बॅटरी कोणी नेली?"

लाटणं थांबलं. "दुकानाच्या माणसानं."

"वृषाली, मी यंत्र बघून आलेय."

वृषालीने गॅस बंद केला. हात पुसले. ते पुसायला तिने बराच वेळ घेतला. "भंगारवाल्यानं. फेब्रुवारीत. तुम्ही हायस्कूलला भाषणाला गेला होता ना, तेव्हा."

"अगं, अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस? मी ज्या गोष्टीसाठी गावभर घसा कोरडा करतेय, तीच माझ्या घरात? चारशे रुपयांसाठी?"

"पैसे घेतलेच नाहीत मी. उलट त्याला शंभर दिले, लवकर ने म्हणून." वृषालीचा आवाज चढला. या घरात आल्यापासून सात वर्षांत तो कधी चढला नव्हता. "दुकानाचा तो माणूस, परशुराम, आठवतो? पन्नाशीचा बाप्या. जिन्यातून उतरवताना बॅटरी जराशी कलली त्याच्या हातातून, तर तुम्ही साऱ्या बिल्डिंगसमोर त्याला काय बोललात? तुझ्यापेक्षा या बॅटरीला जास्त अक्कल आहे म्हणालात. तो ती तशीच परत वर ठेवून निघून गेला. मी तीनदा फोन केला दुकानात. म्हणाले, वहिनी, त्या दारात यायला आमचा एकही माणूस तयार नाही, तुम्हीच आणून टाका. ती बोजड बॅटरी मी कडेवर घेऊन जाऊ?"

"मला सांगायचं होतंस."

"दोनदा सांगितलं! तिला चीर गेली होती, खाली ओघळ यायचा, चंदना तिथंच खेळायची. तुम्ही म्हणालात, बॅटरीबद्दल तू मला शिकवणार का? तिसऱ्यांदा नाही सांगितलं. भंगारवाला आला तर त्यानं शिस्तीत उभी धरली, खाली पोतं घातलं, ताई म्हणाला. मला तो माणूस चांगला वाटला."

पद्मिनी खुर्चीवर बसली. तिच्या तोंडात एक वाक्य तयार होतं, चांगलं धारदार. ते बाहेर यायच्या आतच वृषाली पुढे बोलली, आणि आता तिचा आवाज उतरला होता.

"आणि ताई, दवाखान्यात मी खोटं बोलले. आषाढापासून दुखतंय तिचं पोट. अक्षरं विसरायला लागली तेव्हाच मला भीती वाटली होती, कुठंतरी दाखवावं म्हणून. पण तुम्ही म्हणाला असता, हिचं शिजवणंच घाणेरडं, हिला पोर सांभाळता येत नाही. मी ओवा देत राहिले. तीन महिने ओवा देत राहिले." ती रडायला लागली. "सांगितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं ना? तेव्हा आकडा एवढा नसता ना?"

नसता. पद्मिनीला तो हिशेब येत होता. तीन महिन्यांपूर्वी कदाचित पंचवीस असता. ते तिने बोलून दाखवलं नाही. काहीतरी न बोलायची तिची ती पहिलीच वेळ असावी.

शुक्रवारी सभागृह गच्च भरलं. लोक खरंच नटून आले होते. दुसऱ्याची फजिती बघायला शिरटेकडीकर इस्त्रीचे कपडे घालतात. दत्तूला पहिल्या रांगेत बसवला होता, दोन्ही बाजूंना बोरगाव्यांची माणसं.

वाचनाआधी बोरगावे हसतमुखाने पद्मिनीपाशी आले. पद्मिनीने नियमाप्रमाणे सगळी हकीकत आधी लाटकर तहसीलदारांना लिहून कळवली होती, आणि त्यांच्याकडून बोरगाव्यांना कुणकुण लागली होती. गावात अशा गोष्टी सांगायला जिभा तयारच असतात.

"मॅडम, चुकून व्हायचंच हो," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यात काय एवढं? तुमची नोंद तर बंदच आहे. यंत्रात बिघाड, प्रमाण जुळत नाही, असं लिहून मोकळे व्हा. किंवा भावजयीच्या नावावर टाका, तिनंच दिली ना? बाईमाणूस, पोर आजारी, कोर्ट दया दाखवील. आणि बहिऱ्याला आपण बघून घेऊ. आपल्यातल्याच माणसांनी एकमेकांना सांभाळायचं नाही तर कुणी?"

पद्मिनीने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. गुळगुळीत दाढी, अत्तराचा वास, मनगटावर रक्तदाब मोजणारं घड्याळ. या माणसाची तिला सगळ्यात जास्त किळस यायची. आणि आज तो तिला आपल्यातली म्हणत होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं. याची पाटी लावावी लागली नाही एवढाच काय तो त्याच्यात नि तिच्यात फरक.

"बसा तिकडे," ती म्हणाली.

ती व्यासपीठावर चढली. नेहमी वाचन करताना तिला आतून एक गोड गुदगुली होत असे, नाव उच्चारायच्या आधी थोडं थांबायची तिची लकब होती. आज ती थांबली नाही.

"शिसं ज्या बॅटरीचं आहे ती पद्मिनी भरमू मगदूम यांची," तिने वाचलं. "बॅटरी न्यायला आलेल्या माणसाला त्यांनी अपमान करून हाकललं. घरच्यांनी दोनदा सांगितलं, ते ऐकलं नाही. बॅटरी गेल्यावर पावती न बघता सरकारी नोंद स्वतः बंद केली, म्हणजे खोटी नोंद केली. दत्तू तांबट यांना बाजारातून भेसळीचं कथील मिळालं. त्यांना ऐकू येत नाही हे त्यांनी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर आपण सगळ्यांनी त्यांना हाकललं असतं. बॅटरी भंगारात देणाऱ्या व्यक्तीने त्याआधी कायदेशीर मार्गाने तीनदा प्रयत्न केला होता. सही करते."

तिने सही केली. मग मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. ते हसणं एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेलं आणि बघता बघता सगळं सभागृह हसायला लागलं. सात पाट्यांचं हसणं होतं ते, कुणीतरी कधीपासून साठवून ठेवल्यासारखं. एकटा दत्तू हसत नव्हता. काय झालं म्हणून तो शेजारच्याच्या ओठांकडे बघत होता, आणि शेजारचा हसत असल्यामुळे त्याला काही वाचता येईना.

पद्मिनी तशीच चालत घरी आली. वाटेत दोघा-तिघांनी नमस्कार केला, तोही हसतच. नोकरी गेली होती, पाटी सोमवारी लागणार होती, खटला दोन वर्षं चालणार होता. या सगळ्याची तिने तयारी केली होती. उलट छातीवरचा भार उतरल्यासारखं वाटत होतं, आणि घरी जाऊन चंदनाला मांडीवर घ्यायचं एवढंच तिच्या डोक्यात होतं. कांड्या जप्त झाल्या होत्या, पातेली गेली होती, औषधाचा आज सहावा दिवस होता. आता पोरगी सुधारणारच.

वृषाली बाहेर औषध आणायला गेली होती. शेजारच्या काकू चंदनाजवळ बसल्या होत्या, त्या उठून गेल्या. आतल्या खोलीत पलंगाच्या पलीकडे, भिंत आणि गादी यांच्या फटीत चंदना उकिडवी बसलेली दिसली. गुडघे पोटाशी, दोन्ही हातांची मिठी पोटाभोवती, ओठ दाबलेले, कपाळावर घाम. आत्याची चाहूल लागताच तिने हात पटकन पोटावरून काढून पाठीमागे लपवले.

पद्मिनी खाली वाकली. आयुष्यात प्रथमच तिने आवाज मऊ करायचा प्रयत्न केला. तो कसातरीच आला.

"चंदू, पोट दुखतंय का गं?"

चंदनाने आत्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांत पाणी भरलेलं होतं, ते तिने खाली पडू दिलं नाही.

"नाही आत्या," ती म्हणाली. "कध्धीच नाही दुखत."